प्रोग्रेसिव्ह रॉकमधील स्त्री-वादक

महोदय,

प्रोग्रेसिव्ह रॉकविषयीच्या लेखनात स्त्रियांचा उल्लेख आला, तरी तो बहुधा गायिकांपुरताच राहतो. 'रेनेसान्स'च्या अ‍ॅनी हॅस्लम आणि 'कर्व्ह्ड एअर'च्या सोन्या क्रिस्टिना यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण त्यांच्या बँडमध्ये वाद्ये प्रामुख्याने पुरुषांच्याच हाती होती. लांबलचक वाद्यरचना आणि विषम मात्रांचे ताल हाच ज्या संगीताचा गाभा, तिथे वादक स्त्रियांची नोंद होऊ नये, हे मला फार खटकते.

जपानच्या 'आर्स नोव्हा'चे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९२ मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या या स्त्रियांच्या बँडने गिटारला बाजूला ठेवून कीबोर्ड, बास आणि ड्रम्स यांवरच आपली इमारत उभी केली. केइको कुमागाई यांचे ऑर्गन एकदा लक्ष देऊन ऐकावे: वेगवान स्वरावली धावत असताना ताल मध्येच कूस बदलतो, तरी बास आणि ड्रम्स तिळभरही ढळत नाहीत. इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश त्रयीचा प्रभाव त्यात उघड दिसतो, परंतु 'आर्स नोव्हा'च्या वादनातील काळोखा, नाट्यमय आवेश मला स्वतंत्र वाटतो.

अशा बँडविषयी लिहिताना 'मुली असूनही' हा शेरा मारण्याऐवजी समीक्षकांनी त्यांच्या रचनांची बांधणी आणि तालाचे गणित तपासावे, आणि आपल्या पुरवणीने त्यासाठी जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक