वजूचे पाणी आणि आमचे नळ

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर पाण्याची उधळपट्टी हा विषय हमखास येतो. पाइप लावून गाड्या धुणारे, अंगणात सड्याऐवजी पूर आणणारे, टाकी भरून वाहिली तरी मोटार बंद न करणारे, सगळ्यांवर लोक लिहितात. मशिदीतल्या वजूखान्यावर मात्र कुणी लिहीत नाही. बाहेरच्याने लिहिले तर धर्मात नाक खुपसल्यासारखे होते आणि आतल्याने लिहिले तर घरची धुणी चव्हाट्यावर आणल्यासारखे. मी आतला आहे, लातूरचा आहे आणि या वयात कुणाची फारशी भीड बाळगत नाही, म्हणून लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नमाजेआधी हात, तोंड, पाय धुऊन पाक होणे म्हणजे वजू. त्याचा हुकूम कुराणातल्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत आहे: चेहरा धुवा, कोपरापर्यंत हात धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा, घोट्यापर्यंत पाय धुवा. आम्हा हनफी पंथाच्या लोकांसाठी एवढ्या चारच गोष्टी फर्ज, म्हणजे सक्तीच्या. कोकणातले शाफई पंथाचे भाऊ त्यात नियत (मनात हेतू धरणे) आणि ठरलेला क्रम या दोन गोष्टी जोडतात. आधी मनगटापर्यंत हात धुणे, मिस्वाक (दातणाने दात घासणे), चूळ, नाकात पाणी घेणे, प्रत्येक अवयव तीनदा धुणे हे सगळे सुन्नतमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजात, येते. एकदा धुतले तरी फर्ज अदा होते. पैगंबरांनी कधी एकेकदा, कधी दोनदोनदा, तर कधी तीनतीनदा धुतल्याचे बुखारी शरीफ या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींच्या, संग्रहात आहे. तीनच्या वर जाणाऱ्याने मात्र वाईट केले, मर्यादा ओलांडली, असे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे.

आता पाण्याचे माप पाहा. पैगंबर एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करत आणि एक ‘साअ’ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल, म्हणजे पूर्ण स्नान. मुद्द हे अरबांचे धान्य मोजायचे माप, मध्यम चणीच्या माणसाची भरलेली ओंजळ. पाऊण लिटरच्या आसपास धरा. हनफी हिशेबाने जरा जास्त भरते, तरी ते लिटरच्या आगेमागेच. चार मुद्दचा एक साअ. म्हणजे तीन-चार लिटरमध्ये आंघोळ! हे ऐकून आजची मुले हसतात, आणि तेव्हाही हसणारे होतेच. पैगंबरांचे सोबती जाबिर बिन अब्दुल्लाह लोकांना हे सांगत होते तेव्हा एक जण म्हणाला, मला एवढे पाणी पुरत नाही. जाबिर म्हणाले, तुझ्यापेक्षा दाट केस असलेल्या आणि तुझ्यापेक्षा श्रेष्ठ असलेल्या माणसाला ते पुरत होते. चौदाशे वर्षे झाली, पण या उत्तरातला टोला अजून ताजा आहे.

वाहत्या नदीकाठी बसून वजू केला तरी पाणी वाया घालवू नये, ही हदीस मशिदींच्या भिंतींवर हौसेने रंगवलेली दिसते, बहुतेक वेळा उघड्या नळाच्या बरोबर वर. तिची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, कमजोर असल्याचे काही मुहद्दिस (हदीसचे अभ्यासक) सांगतात, म्हणून मी तिच्यावर भर देत नाही. गरजही नाही. मुद्दची हदीस भक्कम आहे आणि तिच्यात आकडाच दिलेला आहे.

परवा असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजेच्या वेळी माझ्या शेजारी एक तरुण येऊन बसला. (वजू करताना इकडेतिकडे पाहू नये हे मला ठाऊक आहे.) त्याने आधी नळ सोडला, मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, घड्याळ काढून खिशात टाकले, पँट वर घेतली. एवढ्यात एका माणसाच्या वजूचे पाणी गटारात गेले होते. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपर असे सगळे त्याने नीट, शिस्तीत केले. मग मसह, म्हणजे डोक्यावरून ओला हात फिरवणे. ओले तळवे कपाळापासून मानेपर्यंत नेले, परत आणले, बोटे कानांत फिरवली. मसहाला हात ओला असला की झाले. पण त्याचे दोन्ही हात डोक्यावर आणि खाली नळाची बोटभर धार तशीच चालू. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीने पायाच्या बोटांमधला खिलाल (बोटांच्या फटीत बोट फिरवणे), उजव्या पायाच्या करंगळीपासून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत, अगदी कायद्याप्रमाणे. पोराला वजू उत्तम येतो. नळ बंद करणे हा त्याच वजूचा भाग आहे, हे त्याला आम्ही कुणी शिकवलेले नाही.

कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर नळाखाली बादली लावून पाहावी. अशा धारेने दहा लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरते आणि वजूला तेवढाच वेळ लागतो. जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजेला) पाचशे माणसे येणाऱ्या मशिदीत समजा निम्म्यांनीच तिथे वजू केला, तरी अडीच हजार लिटर पाणी गेले. मुद्दच्या मापाने त्यांना दोन-अडीचशे लिटर पुरले असते. वसवशाचा, म्हणजे सततच्या शंकेचा, आजार असलेले वेगळेच. कोपर कोरडे राहिले की काय या शंकेने ते पाच-सहा वेळा धुतात आणि तरी उठताना मागे वळून पाहतात.

आमच्या आधीच्या पिढ्यांना हे कळत होते. मोठ्या मशिदींत हौद असायचा. हनफी कायद्यात दहा हात लांब, दहा हात रुंद हौदाचे पाणी वाहत्या पाण्याच्या बरोबरीचे मानले जाते. रंग, वास, चव बदलली नाही तोवर ते पाक. माणूस काठावर बसतो, ओंजळीने पाणी उचलतो, वापरलेले पाणी समोरच्या पन्हळीत पडते. ओंजळीने घेणाऱ्याला उधळपट्टी करायची म्हटली तरी जमत नाही. मुंबईत काळबादेवीजवळची जामा मशीद 1802 मध्ये उभी राहिली ती थेट एका तलावावर. त्यात आजही मासे पोहतात आणि काठावर लोक वजू करतात. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत नहरीचे पाणी मातीच्या नळांतून यायचे, उंचावरून पडून जाते फिरवायचे, त्यावर फकिरांचे आणि मुसाफिरांचे दळण निघायचे. मशिदीसमोरचा मोठा हौद तर खालच्या दालनाचे छत झाला आहे, भर उन्हाळ्यात त्या दालनात गारवा असतो. एकाच पाण्याकडून इतकी कामे करून घेणाऱ्यांचे आम्ही वारसदार आणि आमच्या वजूखान्यात संगमरवर, झुंबर आणि गळका नळ.

हौद पुन्हा बांधा असे माझे म्हणणे नाही. जागा नाही, शेवाळ काढायला माणूस नाही आणि शंभर जणांनी हात घातलेले पाणी आजच्या मुलांना किळसवाणे वाटते, त्यात त्यांची चूक नाही.

लातूरकरांना 2016 आठवत असेल. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वेगाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या वर्षी रमजान जूनच्या सुरुवातीला लागला. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत नळांची मुख्य चावी बंद करून एक पिंप आणि लिटर-लिटरचे तांबे मांडले होते. तरावीहची (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजेची) गर्दी त्यावर निभावली. पेशइमामांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांनी तांब्याभर पाण्यात वजू केला आणि कुणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. उलट बरेच जण घरून वजू करून यायला लागले. त्याचा सवाब (पुण्य) वेगळा: घरी पाक होऊन मशिदीकडे चालत येणाऱ्याच्या पावलापावलाला गुनाह (पाप) झडतो, असे हदीसमध्ये आहे. काहींना तर तेव्हाच कळले की एक वजू तुटला नाही तर त्यावर पुढची नमाजही होते. मक्का फतह झाली (जिंकली गेली) त्या दिवशी पैगंबरांनी सगळ्या नमाजा एकाच वजूवर पढल्या आणि त्यांचे सोबती हजरत उमर यांनी विचारले तेव्हा, हे मी जाणूनबुजून केले, असे सांगितले. मग पाऊस झाला, तांबे माळ्यावर गेले आणि नळ पुन्हा धो धो सुरू झाले.

‘पाणी नसेल तर मातीने करा की’ असा शेरा अधूनमधून ऐकू येतो. हो, तयम्मुमची सवलत आहे. एका प्रवासात पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचा हार हरवला, तो शोधायला काफिला थांबला, जवळ पाणी नव्हते, तेव्हा ती आयत उतरली. पाक मातीवर तळवे मारून चेहरा आणि हात पुसायचे. प्यायला पुरेल एवढेच पाणी असेल आणि ते वापरले तर माणूस किंवा जनावर तहानेले राहील अशी भीती असेल, तरीही तयम्मुम चालतो. पण दारात नळ असताना ती सवलत मिळत नाही. आणि असे शेरे मारणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या उसाचा हिशेब आधी मांडावा, वजूखान्याचा मी मांडतोच आहे.

मशिदींच्या कमिट्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. प्रत्येक नळाच्या मागचा कॉक पाऊण बंद करा. खर्च शून्य. धार करंगळीएवढी होते आणि वजू तिच्यात आरामात होतो. जमले तर नळांना फोमवाल्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या) जाळ्या बसवा. दाबून सोडायचे, आपोआप बंद होणारे नळ मात्र माझ्या मते वजूला गैरसोयीचे आहेत. एक हात धुताना दुसऱ्याने नळ पुन्हा पुन्हा कसा दाबायचा? म्हाताऱ्यांचे तर हालच होतात. त्यापेक्षा कोपऱ्यात एक पिंप आणि चार झाऱ्या ठेवा. माझी दादी मातीच्या बदन्याने (तोटीच्या लोट्याने) वजू करायची, ओट्याच्या कडेला बसून, आणि खाली पडणाऱ्या पाण्यावर मेंदीचे झुडूप पोसलेले होते. झारीच्या तोंडातून पाणी येतेच मुळी बेताने. इथे एखादा शुक्राचार्य येऊन बसला तर त्याचे स्वागतच करू. खरे शुक्राचार्य कमिटीत बसतात, ‘लोक काय म्हणतील’ एवढ्या तीन शब्दांवर विषय पुढच्या मीटिंगला ढकलतात.

दुसरी गोष्ट वापरलेल्या पाण्याची. वजूतून गळालेल्या पाण्याने पुन्हा वजू होत नाही, पण हनफी फिक्हमध्ये (धर्मकायद्यात) ते पाणी नापाक नाही. झाडांना घालायला, फरशी धुवायला, संडासाच्या टाकीत सोडायला कुठलीच हरकत नाही, त्यासाठी नवा फतवाही नको. सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमांच्या परिषदेने 1978 मध्ये याच्याही पुढे जाऊन सांगितले, की सांडपाणी पुरते शुद्ध झाले, त्याचा रंग, वास, चव मूळ पाण्यासारखी झाली, तर त्याने वजूसुद्धा करता येतो. आपल्याला तेवढे लांब जायचे नाही. वजूच्या पाण्यात साबण नसतो, खरकटे नसते, तेल नसते. खडी आणि वाळूच्या खड्ड्यातून ते गाळले की सरळ बोअरच्या शोषखड्ड्यात सोडता येते. शहरात यापेक्षा स्वच्छ सांडपाणी दुसरे नसेल.

अडचण आहे ती बांधकामाची. बहुतेक ठिकाणी वजूखान्याची नाली संडास-मुतारीच्या लाइनला जोडून टाकलेली असते, कारण गवंड्याला तेच सोपे पडते. एकदा फरशी बसली की ती फोडायला कुणी तयार होत नाही. सध्या जिथे जिथे मशिदींचे नूतनीकरण चालू आहे तिथल्या मुतवल्लींनी (मशिदीच्या व्यवस्थापकांनी) आणि नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरांनी फरशी टाकायच्या आधी वजूची लाइन वेगळी काढून घ्यावी. पाइपाचे चार-सहा तुकडे जास्त लागतील, बाकी काही नाही.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर