सून म्हणून नको, उमेदवार म्हणून विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2024 च्या विधानसभेचा निकाल लागल्यावर आपल्या पुरवणीत मराठवाड्यातल्या महिला उमेदवारांवर पानभर मजकूर आला. फोटो चांगले होते. पण जवळजवळ प्रत्येकीच्या नावाआधी नातं छापलं होतं. कुणी अमक्यांच्या स्नुषा, कुणी तमक्यांच्या सौभाग्यवती. शिक्षण काय, आजवर काय काम केलं, निवडून आल्या तर काय करणार, याला त्या पानात जागा नव्हती. हे एकट्या आपल्या दैनिकाचं नाही, सगळीकडे तेच चाललं आहे. पण आपला अंक मी रोज वाचते, म्हणून आपल्याला लिहिते.

2024 साल सुनांच्या नावाने गाजलं. लोकसभेला बारामतीत नणंद सुप्रिया सुळेंसमोर सुनेत्रा पवार उभ्या राहिल्या. त्या मूळच्या आमच्याकडच्या, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या, गोरोबाकाकांच्या गावच्या. माजी मंत्री पद्मसिंह पाटलांच्या भगिनी. पती अजितदादांनी मतदारांना सांगितलं की आजवर तुम्ही वडिलांना, मुलाला, लेकीला निवडून दिलंत, आता सुनेला द्या. त्यावर शरद पवारांनी मूळचे पवार आणि बाहेरून आलेले पवार असा फरक केला. पुढे खुलासे झाले, वादही झाला. मला मात्र दोन्हीकडचं बोलणं सारखंच खटकलं. एकाने सून आहे म्हणून मत मागितलं, दुसऱ्याने सून आहे म्हणून परकं मानलं. काटेवाडीच्या ग्रामस्वच्छतेत आणि बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात या बाईंनी अनेक वर्षं लक्ष घातलं आहे. ते काम चांगलं की अपुरं, त्यावर खासदारकी द्यावी की देऊ नये, याची चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही. नणंद-भावजय, नणंद-भावजय, एवढंच दोन महिने ऐकू आलं. सुनेत्राताई दीड लाखाहून जास्त मतांनी हरल्या आणि महिन्याच्या आत राज्यसभेवर गेल्या. तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नाही की राज्यसभेत तुम्ही कोणता प्रश्न घेऊन चाललात.

त्याच निवडणुकीत त्यांच्या माहेरी धाराशिवात त्यांची भाचेसून अर्चना पाटील उमेदवार होती. समोर ओमराजे निंबाळकर, म्हणजे चुलत घरातले दीर. अर्चनाताई तीन लाखांवर मतांनी पडल्या. प्रचारात दोन घरांची जुनी भाऊबंदकी पुन्हा पुन्हा उगाळली गेली. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात केव्हा पोचणार, तुळजापूरची रेल्वे कुठे अडली, सोयाबीनचा पीकविमा का मिळत नाही, यावर त्या बाईंचं म्हणणं काय होतं? मी शेजारच्या जिल्ह्यात राहते, रोज पेपर वाचते, तरी मला सांगता येणार नाही. विधानसभेला कन्नडमध्ये संजना जाधव निवडून आल्या, तिथेही सामना पती-पत्नीचा म्हणूनच रंगवला गेला.

आमच्या लातूरचं तर काय सांगावं. 2004 साली रूपाताई पाटील निलंगेकरांनी लोकसभेला शिवराज पाटील चाकूरकरांना हरवलं. सात वेळा निवडून आलेला, लोकसभेचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस एका बाईने हरवला. रूपाताईंचे सासरे काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री आणि सून भाजपची उमेदवार, त्यामुळे बातम्या झाल्या त्या घरातल्या फुटीच्या. त्याच वर्षी विधानसभेला निलंग्यात त्यांच्या मुलाने आजोबांना हरवलं, मग तर बोलायलाच नको. रूपाताई पाच वर्षं खासदार होत्या. त्या काळात त्यांनी दिल्लीत काय मांडलं, लातूरला काय आणलं, हे आजच्या कॉलेजातल्या मुलींना विचारून बघा, एकीलाही सांगता येणार नाही. वीस वर्षांनी त्याच चाकूरकरांच्या सूनबाई, या दुसऱ्या अर्चना पाटील, भाजपकडून लातूर शहरात अमित देशमुखांसमोर उभ्या राहिल्या. लढत चुरशीची झाली, त्या हरल्या. आणि प्रचारात आम्ही काय ऐकलं? एका घराण्याची सून विरुद्ध दुसऱ्या घराण्याचा मुलगा.

भोकरचंही तसंच. 2014 मध्ये तिथून अमिता चव्हाण आमदार झाल्या. 2019 ला पती अशोकराव स्वतः उभे राहिले, 2024 ला कन्या श्रीजया निवडून आल्या. मधल्या पाच वर्षांच्या आमदार बाईंचा हिशेब कुणी मांडला नाही. वाईट मांडला असता तरी चाललं असतं. हिशेबच न मांडणं म्हणजे त्या तिथे नव्हत्याच असं म्हणणं.

बाई राजकारणात आली ती घराण्याच्या पुण्याईवर, असं ज्यांच्या मनात पक्कं बसलं आहे त्यांनी बीड आठवावं. केशरकाकू क्षीरसागर 1980, 1984 आणि 1991 अशा तीन वेळा बीडच्या खासदार झाल्या. बीडमध्ये आज ज्याला क्षीरसागर घराणं म्हणतात त्याचं राजकारण काकूंनी उभं केलं. जयदत्तअण्णा मंत्री झाले, भारतभूषण नगराध्यक्ष झाले, नातू संदीप आमदार आहेत, ते काकूंच्या मागून. 2016 मध्ये बीड नगरपालिकेसाठी नातवाने वेगळी आघाडी काढली तेव्हा तिला ‘काकू-नाना’ हेच नाव द्यावं लागलं. लग्न होऊन घरात आलेल्या बाईने घराण्याला नाव मिळवून दिल्याचं याहून ठळक उदाहरण मराठवाड्यात मला दिसत नाही. केजमध्येही विमलताई मुंदडांनी आमदारकी आणि आरोग्य खात्याचं मंत्रिपद सांभाळलं. आज त्यांच्या सूनबाई नमिता आमदार आहेत, म्हणजे इथे वारसा सासूकडून सुनेकडे आला. कळमनुरीत रजनीताई सातवांनंतर मुलगा राजीव पुढे आला. 2021 च्या मे महिन्यात करोनाने तो गेला आणि त्याच वर्षी पत्नी डॉ. प्रज्ञा विधान परिषदेवर गेल्या. दुःखाच्या दिवसांत अशी जबाबदारी घेणं सोपं नसतं, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण मान ठेवूनही आमदार म्हणून प्रश्न विचारता येतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ज्या गावात जास्त वर्षं काढली तिथे एक पुढारी घर होतं. नाव लिहीत नाही. त्या घरची सूनबाई सकाळी सहापासून माणसांत असायची. ओसरीवर बसलेल्यांचा चहा झाला की ती एकेकाचं काम ऐकून घ्यायची. कुणाची आई लातूरला सरकारी दवाखान्यात, तिच्यासाठी फोन करायचा. कुणाच्या पोरीचं लग्न, तिथे आहेर पोचवायचा. कुणाकडे दहावं असेल तर साहेब मुंबईत असले तरी ही जाऊन यायची. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला पंचक्रोशीतल्या बाया यायच्या. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाला मूल नाही, कुणाचं रेशनकार्ड अडलं आहे, हे तिला कागदावर न बघता ठाऊक असायचं. साहेबांना निवडून आणणारी मतं तिने अशी घरोघरी जाऊन जोडली होती. पुढे जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला आणि अर्ज तिच्या नावाने भरला गेला. ती निवडून आली. नंतर बैठकांना नवराच जायचा. सर्वसाधारण सभेला ती गेली तरी आधी कागदावर लिहून दिलेल्या दोन ओळींपलीकडे तिला बोलू दिलं नाही. ज्या बाईला तालुक्याचे सगळे प्रश्न तोंडपाठ होते तिला पाच वर्षं गप्प बसवलं, याचा मला आजही राग येतो.

हे मी आत्ताच का लिहिते? 2011 पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. 2023 मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागा महिलांना राखून ठेवणारी घटनादुरुस्ती केली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती लागू होईल. मराठवाड्यातल्या आजच्या 46 विधानसभा जागा धरल्या तरी पंधरा-सोळा बायका आमदार होतील. त्या जागांवर पहिलं नाव कुणाचं पुढे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बचत गटाचं फेडरेशन चालवणारी, आशा म्हणून वाडी-तांडे पायी पालथे घालणारी बाई तिकिटाच्या रांगेत मागेच राहणार. त्याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. तरीही घराण्यातल्या सुनेने उभंच राहू नये, असं मी म्हणणार नाही. तिलाही हक्क आहे. फक्त तिने घराण्याच्या नावावर पास होऊ नये आणि घराण्याच्या नावावर नापासही होऊ नये.

आणि या सुनांना विचारण्यासारखं खूप आहे. मराठवाड्यातली बहुतेक मोठी राजकीय घरं साखर कारखान्यांशी जोडलेली आहेत. काही कारखान्यांचं अध्यक्षपद घरातल्या बायकांनीच सांभाळलं आहे, निवळीच्या विलास कारखान्याचं वैशालीताई देशमुखांनी सांभाळलं तसं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून बाया ऐन तिशीत ऑपरेशन करून घेतात. कारखानदार घरातली सून आमदार होत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा. तुमच्या कारखान्याच्या तोडणीवर येणाऱ्या बायकांसाठी यंदाच्या गाळपात तुम्ही काय करणार? तिचं उत्तर जसंच्या तसं छापा. हा प्रश्न तिला इतरांपेक्षा जास्त लागू पडतो, कारण करून दाखवणं तिच्या हातात आहे.

जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांच्या निवडणुका 2022 पासून कित्येक वर्षं रखडल्या होत्या. अशा निवडणुका लागतील तेव्हा आपल्या दैनिकाने एवढं करावं. उमेदवार बाईचं नातं बातमीत असू द्या, पण मथळ्यात नको. तिचं शिक्षण, आधीचं काम, आधी पदावर असेल तर सभांना किती वेळा हजर होती आणि काय बोलली, हे द्या. मुलाखत तिचीच घ्या. शेजारी नवरा, दीर किंवा पीए बसून उत्तरं देत असतील तर बातमीत तसं स्पष्ट लिहा. निवडून आल्यावर वर्षाने पुन्हा जा. जिल्हा परिषदेच्या सभांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मिळतात. औसा आणि निलंगा तालुक्यांतून ती मागवून, वाचून, टिपणं काढून द्यायला आम्ही काही निवृत्त शिक्षिका तयार आहोत. आपल्या वार्ताहरांनी कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
औसा, जि. लातूर