ग्लॅमर म्हणजे मुळात नजरबंदी

संपादक महोदय, स.न.

रविवारच्या पुरवणीत एकाच पानावर ग्लॅमर हा शब्द नऊ वेळा आला, मी चहा पिताना पेन घेऊन मोजला (रिटायर माणसाला दुसरं काय काम). शब्दावर राग नाही माझा, पण हा शब्द मूळचा सौंदर्याचा नाहीच, जादूटोण्याचा आहे आणि तो आलाय चक्क ग्रामरमधून! मध्ययुगात युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिन शिकणं, आणि ज्याला लॅटिन वाचता येतं त्याला मंत्रतंत्रही येत असणार असं अडाणी लोकांना वाटायचं, मग त्यातूनच जादूविद्येला जुन्या इंग्रजीत ग्रामरी म्हणायला लागले, फ्रेंचांकडे मंत्राच्या पोथीला ग्रिमॉयर झालं, आणि स्कॉटलंडमध्ये र चा ल होऊन ग्लॅमर. तिथे ग्लॅमर टाकणं म्हणजे बघणाऱ्याची नजर बांधणं, आपला गारुडी करायचा तेच.

वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश कवीने १८०५ च्या एका दीर्घकाव्यात ग्रामरी आणि ग्लॅमर दोन्ही वापरलेत. त्यातल्या मंत्राने अंधारकोठडीतली कोळिष्टकं राजवाड्याचे भरजरी पडदे वाटतात, अक्रोडबिक्रोडाचं टरफल सोनेरी होडी दिसतं, म्हातारा तरुण दिसतो. म्हणजे फिल्टर हो, दुसरं काय! सुंदर दिसणं वगैरे अर्थ नंतर चिकटला.

आम्हाला शाळेत व्याकरणाच्या तासाला फक्त छडी मिळाली, जादूबिदू कुणी सांगितली नाही. तर पुढच्या वेळी नटीच्या फोटोखाली एकदा नजरबंदी छापून बघा ना.

आपला,
एक जुना वाचक