खर्ची, घमेले आणि गच्चीचा कठडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ मे जवळ आला आहे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन सगळ्यांनाच ठाऊक आहेत. कॅथलिक पंचांगात त्याच तारखेला कामगार संत जोसेफ यांचा सण असतो. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी मुंबईतल्या चर्चमधून श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रवचने होतील. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतही 'आपला धंदा हेच देवाचे पाचारण' हे वाक्य ऐकू येतेच. ते बरोबर आहे. येशू सुतारकाम करत होता आणि पौल तंबू शिवून पोट भरत होता. अडचण अशी की प्रवचन इथेच संपते. सोमवारी सकाळी साइटवर गेलेल्या ख्रिस्ती इंजिनियरने, ठेकेदाराने किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आम्ही इमारत-दुरुस्तीच्या कामातले लोक आहोत, म्हणून त्या कामापुरतेच लिहितो. पावसाळ्याआधी मुंबईभर गळतीची आणि प्लास्टरची कामे निघतात, तेव्हा वेळही हीच आहे.

बऱ्याच ख्रिस्ती मालकांच्या ऑफिसात बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातले एक वचन फ्रेम करून लावलेले असते: 'जे काही तुम्ही करता, ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.' तिसऱ्या अध्यायातले हे तेविसावे वचन. त्याच्या आधीच्या वचनात तोंडदेखल्या चाकरीबद्दल ताकीद आहे. तीनच वचने पुढे गेले की चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला धन्यांना बजावले आहे की दासांशी न्यायाने व समतेने वागा. ते वचन फ्रेम केलेले आम्ही कुठे पाहिलेले नाही. कामगाराला जिवेभावे राबायला सांगणारे तेवढे भिंतीवर जाते.

तोंडदेखली चाकरी आमच्या धंद्यात कुठे होते? जे काम नंतर झाकले जाते, तिथे. जुन्या इमारतीचा कॉलम दुरुस्त करताना सैल काँक्रीट फोडतात, सळ्यांचा गंज घासून काढतात, गंजरोधक रंग लावतात आणि वर पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरतात. बिल होते चौरस फुटावर आणि मॉर्टरच्या सरासरी जाडीवर. २० मिलिमीटरचा दर वेगळा, ४० चा वेगळा. एकदा वरून प्लास्टर झाले की आत २० आहे की ४०, हे पुन्हा फोडल्याशिवाय कळत नाही. गंजही नेहमी समोरच्या बाजूचाच घासला जातो. सळीच्या मागे बोट जाईल इतकी जागा फोडायला वेळ लागतो, म्हणून मागची बाजू तशीच राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो कॉलम परत फुगतो. यावर उपाय साधा आहे. मॉर्टर भरण्याआधी ठेकेदाराचा माणूस, कन्सल्टंटचा माणूस आणि सोसायटीचा एक सभासद अशा तिघांनी जागेवर जाऊन खोली मोजायची, पट्टी लावून फोटो काढायचा आणि त्याच दिवशी मोजमाप वहीत सह्या करायच्या. महिन्याअखेरीस ऑफिसात बसून अंदाजाने भरलेली मोजमाप वही म्हणजे खोटी साक्षच. दहा आज्ञांत ती नवव्या क्रमांकावर आहे. कॅथलिक गणतीने आठव्या.

खोट्या मापाविषयी बायबलमधल्या लेवीय आणि नीतिसूत्रे या दोन्ही पुस्तकांत कडक शब्द आहेत. ते वाचताना डोळ्यांसमोर किराणा दुकानाची तागडी येते, साइटवरचे घमेले कोणाच्या मनात येत नाही. सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर भरते. बाहेरच्या प्लास्टरला एकास चार प्रमाण धरले, तर एका गोणीला १४० लिटर वाळू हवी. त्यासाठी ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करतात. तो बरोबर ३५ लिटरचा होतो. चार फर्मे टाकले की हिशेब मिटला. प्रत्यक्षात वाळू घमेल्याने टाकतात. एक बिगारी घमेले शीग लावून भरतो, दुसरा सपाट, आणि दुपारनंतर मोजायचेच राहून जाते. सिमेंट वाचवायचे असेल तर शीग आपोआप वाढते. वाळू ओली असेल तर गडबड उलट्या बाजूने होते. ओलसर वाळू फुगते, बारीक वाळू तर पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत, त्यामुळे फर्मा भरूनही वाळू कमीच पडते, सिमेंट जास्त होते आणि प्लास्टरला केसासारख्या भेगा येतात. पाण्याचीही तीच गत. काँक्रीटला गोणीमागे साधारण २५ लिटर पाणी पुरते. माल सरकायला सोपा व्हावा म्हणून पाइप सोडून दिला की मजबुती उतरते. जेवणाच्या सुट्टीआधी कालवून ठेवलेला मसाला घट्ट झाला की त्यात पाणी घालून तो पुन्हा ढवळतात. तो फेकून द्यावा लागतो. अर्ध्या तासात संपेल तेवढाच कालवायचा, हे मिस्त्रीला माहीत असते. त्याला घाई कोण करतो, ते आधी बघावे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मजुरीची आहे.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असतो. धनी पहाटे बाजारात जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास, जातो. मुंबईत हा देखावा रोज सकाळी मजूर नाक्यावर दिसतो. फरक इतकाच की इथे अकरा वाजून गेले की उरलेल्यांना कोणी विचारत नाही. या दाखल्यावर प्रवचन होते ते देवाच्या कृपेवर, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातली एक व्यवहाराची गोष्ट निसटते: संध्याकाळ झाल्याबरोबर धनी कारभाऱ्याला सांगतो की मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे. हे त्याचे औदार्य नव्हे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला नियमच तसा आहे. गरीब मजूर आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो.

आमच्या धंद्यात चालते ती 'खर्ची'. मजुराला आठवड्याला जेवणखाण आणि मोबाइल रिचार्जपुरते काही पैसे देतात, बाकीचे मुकादमाच्या वहीत. पूर्ण हिशेब होतो तो काम संपल्यावर किंवा माणूस गावी निघाल्यावर. त्यामुळे मधेच काम सोडणे त्याला परवडत नाही आणि भांडणे तर त्याहून नाही. उचल घेतलेली असेल तर आणखीच अडकतो. काही मुकादम उचलीच्या बदल्यात मिस्त्रीची हत्यारे किंवा आधार कार्ड ठेवून घेतात. अनुवादाच्या त्याच अध्यायात जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नये, तो जीवच गहाण ठेवल्यासारखे होईल, असे म्हटले आहे. गवंड्याची करणी, थापी आणि ओळंबा म्हणजे त्याचे जातेच.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. वेतन संहिता, २०१९ प्रमाणे रोजंदारीची मजुरी पाळी संपताना, आठवड्याची साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याची पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायची आणि काम सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब पूर्ण करायचा.

मग ठेकेदार का देत नाही? प्रत्येक वेळी तो लबाड असतो असे नाही. समजा साइटवर दहा माणसे आहेत, सरासरी रोज ९०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस. मजुरीच २,३४,००० रुपये होते. महिना संपल्यावर तो बिल लावणार, कन्सल्टंट मोजमाप तपासणार, कमिटीची सभा महिन्यातून एकदाच, चेकवर सह्या दोघांच्या, आणि त्यातले खजिनदार मे महिन्यात गावी. दोन महिने सहज जातात. म्हणजे साडेचार लाखांहून जास्त रक्कम फक्त मजुरीसाठी हाताशी हवी. ती नसताना सगळ्यात कमी दर भरून काम घेतले की ठेकेदार मजुराच्या पैशावर काम चालवू लागतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे लिहिले आहे ते हेच.

ख्रिस्ती ठेकेदाराने पाचारण पाळायचे असेल, तर काम उचलण्याआधी दोन महिन्यांची मजुरी वेगळ्या खात्यात ठेवावी. तेवढी नसेल तर लहान काम घ्यावे. मजुरी शनिवारी, मुकादमाच्या हातात न देता थेट माणसाच्या खात्यात किंवा हातात द्यावी आणि हजेरीपुस्तकाची नक्कल त्याला दाखवावी. सोसायटीच्या कमिटीत ख्रिस्ती सभासद असेल, तर त्याचा वाटा वेगळा: रनिंग बिल (झालेल्या कामाचे मधले बिल) दहा दिवसांत निघेल असे करारात लिहून घ्यायचे, आणि पुढचे बिल पास करण्याआधी आधीच्या महिन्याच्या मजुरीच्या पावत्या मागायच्या. सुरक्षा ठेव म्हणून पाच टक्के कापून ठेवता येतात, तेवढी काळजी पुरे. 'टक्क्या'बद्दल, म्हणजे कमिटीवाल्यांच्या कमिशनबद्दल, फार लिहीत नाही. जकातदारांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारले, तेव्हा नेमून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका इतकेच उत्तर मिळाले, आणि कमिटीवाल्यांनाही ते पुरेसे आहे.

रविवारचा प्रश्न वेगळाच आहे. बहुतेक सोसायट्या रविवारी काम करू देत नाहीत, म्हणून ख्रिस्ती ठेकेदाराला चर्चला जायची अडचण नसते. पण शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा फक्त मालकाला नाही. तिच्यात दास, दासी आणि वेशीतला परदेशीही आहे. रोजंदारीवाल्याला रविवार म्हणजे विसावा नसतो, खाडा असतो. सहा दिवसांच्या रोजात सातव्याचे पैसे धरले, तरच ती सुट्टी म्हणायची. एक काम मात्र रविवारीही थांबत नाही: क्युरिंग, म्हणजे सिमेंटचे काम पाण्याने ओले ठेवणे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि फ्लायॲश किंवा स्लॅगमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओल हवी. एप्रिलच्या उन्हात एक दिवस चुकला तरी पृष्ठभाग पांढरा पडतो. स्लॅबवर शनिवारी संध्याकाळी मसाल्याचे वरंबे घालून आळी पाण्याने भरली की रविवार निभतो. उभ्या प्लास्टरला गोणपाट लावून ते भिजवायला माणूस लागतोच. शब्बाथाला विहिरीत पडलेला बैल काढायला येशूची ना नव्हती, तेव्हा यालाही नसावी. फक्त तो माणूस दर रविवारी तोच नको, आणि त्याला बदली सुट्टी पगारी हवी.

नोंदणीसाठी लागणारा ९० दिवसांच्या कामाचा दाखला हेही एक छोटे पण मोलाचे काम आहे. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायला वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम लागते. नाक्यावरचा माणूस वर्षभरात अनेक ठेकेदारांकडे जातो, आणि नंतर कटकट नको म्हणून एकही जण सही करत नाही. हजेरी खरी असेल तर सही करायला पाच मिनिटे लागतात. त्याच्या मुलांची शिष्यवृत्ती त्या कागदावर अडलेली असते.

आणि कृपा करून कोणी साइटवर सकाळची प्रार्थना सक्तीची करू नये, मजुरी वाटताना पत्रके देऊ नयेत. बिहारचा, बंगालचा, मराठवाड्याचा माणूस मजुरी ज्याच्या हातात आहे त्याला नाही म्हणू शकत नाही. अशा वेळी मिळालेल्या होकाराला अर्थ नसतो.

चर्चनेही हे स्वतःला लावून घ्यावे. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. धर्मांतरामुळे पोटापाण्याला मुकलेल्या लोकांना काम मिळावे, हा मिशनच्या उद्योगांमागचा एक हेतू होता. माणसाला रोजगार आणि गिऱ्हाइकाला टिकाऊ कौल, दोन्ही त्यांनी एकाच भट्टीतून काढले. आज चर्चच्या दुरुस्तीची निविदा उघडली की सगळ्यात खालचा आकडा बघून टाळ्या पडतात. त्या दरात मजुरी बसते का, हे कोणी विचारत नाही. परांचीवरच्या माणसाचा सेफ्टी बेल्ट बांबूलाच अडकवलेला असतो, म्हणजे बांबू निसटला की बेल्टसकट माणूस खाली. तो गच्चीवरून सोडलेल्या स्वतंत्र दोराला अडकवायचा असतो. त्या दोराचे आणि जाळीचे पैसे निविदेत वेगळे दाखवायला सांगावेत, म्हणजे दर पाडताना पहिली काट त्यांना लागणार नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक आज्ञा आहे: गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडले तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. आजच्या नियमाने गच्चीचा कठडा किमान १ मीटर लागतो आणि मुंबईतल्या इमारतींना तो बांधताना असतोही. तो कमी होतो नंतर. गळती थांबवायची म्हणून जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) न काढता त्यावरच नवा घालतात, कारण काढण्याचा आणि डेब्रिज टाकण्याचा खर्च वाचतो. एक थर साधारण साडेचार इंचांचा, म्हणजे ११५ मिलिमीटर. दोन थरांत मीटरचा कठडा ७७ सेंटिमीटरवर येतो, मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली, आणि स्लॅबवर दर चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास जादा वजन पडते ते वेगळेच. यंदा ज्या चर्चच्या, पॅरिश हॉलच्या आणि शाळांच्या गच्च्यांचे काम निघणार आहे, त्यांच्या कमिट्यांनी निविदा काढण्याआधी टेप घेऊन वर जावे आणि कोब्याच्या आजच्या पातळीपासून कठडा मोजावा. एक मीटर भरत नसेल, तर जुना कोबा काढणे हे निविदेतले पहिले कलम असावे.

आपले,
इमारत-दुरुस्तीच्या कामातील काही ख्रिस्ती अभियंते व पर्यवेक्षक, मुंबई