भोक मध्यावर नाही, याला इफेक्ट म्हणत नाहीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष रेकॉर्ड, बदलून आलेलीही सदोष, पैसे परत मिळणेबाबत

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोललो. हे पत्र त्यानंतरचं आहे, तेव्हा 'सविनय' वगैरे राहू द्या.

तुमच्याकडून एका रॉक गाण्याच्या चार रिमिक्सची बारा इंची रेकॉर्ड ३,८०० रुपयांना घेतली. मूळ गाणं मी कॉलेजपासून ऐकतोय. त्यातला गिटारचा लांबवलेला सूर झोपेतही ओळखेन. तुमच्या रेकॉर्डवर तो सूर मे अखेरीस रेवसच्या लाँचमध्ये बसल्यासारखा चढतो आणि उतरतो.

रेकॉर्ड तुम्ही विकता, कारण मी सांगायचं? भोक मध्यावर नाही, म्हणून खाच सुईखालून कधी भरभर तर कधी सावकाश जाते आणि सूर हलतो. लेबलजवळच्या शेवटच्या खाचेपासून भोकापर्यंत पट्टी लावून मोजलं: एका बाजूला अंतर दोन मिलिमीटर जास्त. म्हणजे भोक एक मिलिमीटर सरकलेलं. सुईचा दांडा पाळण्यासारखा डुलतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आतल्या ट्रॅकला आणखी वाईट, कारण तिथे वर्तुळ लहान आणि तीच चूक मोठी पडते. ही रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. सूर हलतो तोही बरोबर १.८ सेकंदांनी.

हे सगळं सांगून झाल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "सर, गाणं रिमिक्स आहे ना?"

"हो."

"मग सर, रिमिक्समध्ये आवाज वर-खाली होतोच. तो इफेक्ट असतो."

मी विचारलं, चार रिमिक्स चार वेगळ्या माणसांनी केलेत, चारही ठेके वेगळे, मग चौघांनी ठरवून १.८ सेकंदांनीच सूर हलवला का? मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं बासरी. (बासरीचा सूर स्थिर होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.) मग उत्तर आलं, "टीमशी बोललो सर. तुम्हाला ओरिजिनलची सवय झालीय ना, म्हणून तसं वाटतंय. एकदा ब्लूटूथ बंद करून बघा."

माझ्या टर्नटेबलला ब्लूटूथ नाही. वायर आहे. आणि त्याच टर्नटेबलवर, त्याच सुईखाली मूळ गाण्याची माझी जुनी रेकॉर्ड सरळ वाजते.

बदलून पाठवलेली दुसरी रेकॉर्डही तशीच. अर्थात! त्याच लॉटमधली असणार. खोक्यातून काढून दुसऱ्या खोक्यात घालायच्या आधी कुणी एकदा वाजवून पाहायची तसदी घेतली का? तिचंही भोक मध्यावर नाही, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर पाच वेळा सांगूनही तुमच्या नोंदीत 'ग्राहकाला रिमिक्स आवडला नाही' एवढंच आहे. रिमिक्स मला आवडलाय हो. दुसरा तर फारच. म्हणून तर एवढा चिडलोय.

काळा घोड्याला रिदम हाऊस हे रेकॉर्डींचं दुकान होतं, तेव्हा आधी ऐकून घेता यायचं. ते २०१६ साली बंद झालं आणि आम्ही तुमच्यासारख्यांच्या भरवशावर आलो.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत. नाहीतर वांद्र्याला ग्राहक आयोगात येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. दोन्ही रेकॉर्डी, टर्नटेबल आणि पट्टी घेऊन येईन.

आणि 'तुमची तक्रार सोडवली आहे, कृपया रेटिंग द्या' हा मेसेज थांबवा. आज सकाळी सातवा आला.

एक ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व)