मॉन्टी पायथनच्या लेखात आमच्या नगरचा माणूस कुठंय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पुरवणीत मॉन्टी पायथन हा बीबीसीवरचा विनोदी स्केचेसचा कार्यक्रम कसा बनला यावर पानभर लेख छापलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण मराठी पेपरात या विषयावर कोणी फारसं लिहीत नाही. पण लेख दोनदा वाचला, मग पेन हातात घेऊन तिसऱ्यांदा वाचला आणि आमच्या नगरला जन्मलेला विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगन, त्याचं नाव त्यात एकदाही सापडलं नाही. रात्रभर डोक्यात तेच चाललं होतं, म्हणून सकाळी चहा घेतला आणि लिहायला बसलो.

लेखात म्हटलंय की १९६९ साली सहा पोरं एकत्र आली आणि आधी कुणीच न केलेला प्रकार त्यांनी केला, स्केच म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशाच्या शेवटची, हशा पिकवणारी पंचलाइन फेकून देणं हा त्यांचाच शोध. हे चूक आहे, आणि चूक आहे हे त्या सहा जणांपैकीच टेरी जोन्सनं सांगून ठेवलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये बीबीसी टू वर मिलिगनचा क्यू फाइव्ह हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. स्केच सुरू व्हायचं, मध्येच सोडून द्यायचं आणि भलत्याच गोष्टीत घुसायचं. त्याच्या या क्यू मालिकेत तर शेवट सुचला नाही की सगळे कलाकार 'आता काय करायचं, आता काय करायचं' म्हणत कॅमेऱ्याकडे सरकत यायचे, आणि अंगातल्या कपड्यांना बीबीसीच्या कपडेपटाची लेबलं तशीच लटकत असायची. क्यू फाइव्ह बघून जोन्स हबकला, कारण आपण जे करायचं म्हणत होतो ते या माणसानं आधीच करून ठेवलंय. पायथनचा पहिला भाग ५ ऑक्टोबर १९६९ ला रविवारी रात्री उशिरा लागला, म्हणजे मध्ये सहा-सात महिनेच गेले होते.

आणि तुमच्या लेखकानं पायथनचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटनचं नाव दिलंय, पण तो आला कुठून ते दिलेलं नाही. तो क्यू फाइव्हचाच दिग्दर्शक. हाच माणूस हवा असं पायथनवाल्यांनी ठरवलं ते मिलिगनचं काम बघून. तो लगेच मोकळा नव्हता म्हणून स्टुडिओतले पहिले चार भाग जॉन हॉवर्ड डेव्हिसनं केले, आणि पुढं १९७४ पर्यंत, एकूण ४५ भाग होईपर्यंत, सगळं मॅकनॉटनकडंच होतं. ही कडी सोडली तर लेखात उरतं काय?

मला एवढं का लागलं ते सांगतो. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात कायम नगरच. वडील आयरिश, इथं तोफखान्यात होते. पोरगं पुढं पुण्यात वाढलं, मग रंगूनला गेलं आणि तिथून इंग्लंडला. मी नगरलगतच्या भिंगारचा, लष्करी कॅम्पाच्या कडेला लहानाचा मोठा झालो. अकरावीत असताना माझे मामा इंग्लंडहून आले तेव्हा मिलिगनच्या गून शो या विनोदी रेडिओ कार्यक्रमाच्या दोन कॅसेट घेऊन आले आणि म्हणाले, ऐक रे, हा तुमच्या नगरचा माणूस आहे. मला पहिले आठ दिवस एक अक्षर कळलं नाही, इतक्या वेगात बोलतात ते. मग एका भागात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं आली, आपल्या साहेबलोकांच्या काळातल्या क्लार्कसारखी भांडत बसलेली, आणि मी एकटाच खोलीत इतका हसलो की आई बघायला आली. पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि मिलिगन, १९५१ ते १९६० बीबीसी रेडिओवर चालला हा शो, आणि त्यातलं बरंचसं लिखाण मिलिगनचं. दर आठवड्याला नवी स्क्रिप्ट लिहून लिहून त्याची तब्येत बिघडली, १९५२ च्या अखेरीला तर मनानं पार कोसळला होता. लोकांना हसवायचा कार्यक्रम कसा बनतो असा लेख लिहिणाऱ्यानं ही किंमत सांगायला हवी होती असं मला वाटतं.

आता २०१८ चं सांगतो. त्याची जन्मशताब्दी. नगरमध्ये कुणालाच पत्ता नव्हता. इथं पाहुणा आला की आपण किल्ला दाखवतो, चांदबीबी महाल दाखवतो, टँक म्युझियम दाखवतो, मिलिगनचं नाव कुणी काढत नाही. मी, माझा एक मित्र आणि माझी भाची, ती तेव्हा कॉलेजात होती, तिच्या चार मैत्रिणी, असं ठरवलं की १६ एप्रिलला संध्याकाळी स्वतः लिहिलेल्या स्केचेसचा छोटा कार्यक्रम करायचा. गावातल्या एका संस्थेचा लहान हॉल बुक केला, दीड हजार अनामत भरली, हातानं लिहून दहा-बारा पोस्टर लावली. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला, हॉल मिळणार नाही, दुसरी मीटिंग आहे. मी भेटायला गेलो तर तिथले गृहस्थ म्हणाले, अहो, इंग्रजाचा वाढदिवस कशाला करताय? मी त्यांना सांगत होतो की तो आयरिश बापाचा पोरगा, आणि इंग्लंडच्या बाजूनं महायुद्धात तोफखान्यात लढला, इटलीत जखमी झाला, तरी त्याच्या ब्रिटिश पासपोर्टचा घोळ झाला आणि शेवटी त्यानं आयरिश नागरिकत्व घेतलं. ते ऐकूनच घेत नव्हते, फाइल चाळत होते. अनामत परत मिळाली तीन महिन्यांनी, तीही दोनशे रुपये कापून.

कार्यक्रम आम्ही आमच्या गच्चीवर केला. चौदा माणसं आली, त्यात पाच घरचीच. पण त्या तीन आठवड्यांच्या तालमीत मला जे कळलं ते तुमच्या लेखकाला कळलेलं नाही. त्यांनी लिहिलंय की हे पायथनवाले सेटवर उभे राहून सुचेल ते करायचे. संपादक महोदय, असं काही नव्हतं. त्या सहा जणांतले क्लीझ आणि चॅपमन जोडीनं लिहायचे, जोन्स आणि पॅलिन जोडीनं, आयडल एकटा. मग सगळे जमून एकमेकांना वाचून दाखवायचे आणि ज्यावर खोलीत हसू आलं नाही ते बाद. मेलेल्या पोपटाचं स्केच तर आधी बिघडलेल्या गाडीबद्दलचं होतं, १९६८ च्या एका दुसऱ्या कार्यक्रमातलं, ते पुन्हा लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता गाडीचा पोपट झाला. बाहेरचं शूटिंग फिल्मवर, आतलं स्टुडिओत प्रेक्षकांसमोर टेपवर, म्हणजे आधीच सगळं ठरलेलं असल्याशिवाय ते जमणारच नाही.

आमच्या पोरींनी दोन स्केचेस लिहिली, एक एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीवरचं आणि एक लग्नाच्या आहेराचं. भाचीनं हट्ट धरला की मिलिगनसारखंच करायचं, पंचलाइन नाही. आणि तिथंच आम्ही अडकलो, कारण पंचलाइन नाही म्हटल्यावर थांबायचं कुठं? रोज तालमीत स्केच नुसतं विरून जायचं, बघणारा टाळी वाजवू की नको अशा तोंडानं बसायचा. शेवटी एकीनं सुचवलं की मी बादली घेऊन येते आणि तुमचं चालू असतानाच फरशी पुसायला लागते, पाय उचला, पाय उचला म्हणत सगळ्यांना हाकलते. ते झकास जमलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पायथनमध्ये चॅपमन कर्नलच्या वेषात येऊन 'हे फारच खुळचट चाललंय' म्हणत स्केच बंद पाडतो ते कशासाठी, आणि टेरी गिलियमची ती कागदी कात्रणं कशासाठी. जुने फोटो, जुनी चित्रं कापून तो कॅमेऱ्याखाली तसूतसूनं सरकवायचा आणि एका स्केचमधून दुसऱ्यात जायचा रस्ता तयार करायचा. पायथनच्या सुरुवातीला वरून धाडकन पडणारा तो पाय लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या ब्राँझिनोच्या चित्रातून कापलेला आहे, मदनाचा पाय आहे तो. तुम्ही त्या पायाचा फोटो पाव पानभर छापलात आणि तो का पडतो याबद्दल एक ओळ नाही.

मिलिगनचं सगळंच मला पटतं असंही नाही, ते इथंच सांगून टाकतो. १९६९ मध्येच त्यानं करी अँड चिप्स नावाच्या मालिकेत चेहऱ्याला रंग लावून अर्धा पाकिस्तानी माणूस केला, मला ते बघवलं नाही, मी बंद केलं. इथं जन्मलेल्या माणसानं तसं करावं याचं वाईट वाटतं. पण म्हणून क्यू फाइव्हचं श्रेय काढून घेता येत नाही. त्याचे तर सगळे भाग आज शिल्लकही नाहीत, बीबीसीनं त्या काळी टेप पुसून परत वापरल्या. पायथनवरही तीच वेळ आली होती. ते आज आपल्याला बघायला मिळतंय आणि क्यू फाइव्हचं बरंच गेलं, म्हणून तरी ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांनी त्याचं नाव घ्यायला नको का?

जाता जाता आणखी एक. ही पुरवणी भिंगारला रविवारी येत नाही, सोमवारी येते, गेलं वर्षभर. पेपरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो वरूनच गठ्ठा येत नाही. शहरात रविवारी मिळते आणि कॅम्पात मिळत नाही, पैसे मात्र आम्ही तेवढेच देतो. शब्दकोडं सोडवून पाठवायची मुदत सोमवार संध्याकाळची असते, माझी बायको तीस वर्षं कोडं सोडवते, तिचं उत्तर आता कधीच वेळेत पोचत नाही.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. येत्या रविवारी त्याच पानावर, छोट्या चौकटीत का होईना, छापा की मॉन्टी पायथनच्या आधी क्यू फाइव्ह होता, तो स्पाइक मिलिगनचा होता, आणि तो जन्मला नगरला. आणि तो अंक आम्हाला रविवारीच पोचेल असं बघा.

आपला नियमित वाचक,
भिंगार, अहिल्यानगर