मृणालिनी मुखर्जींचा दोर एकदा मुंबईत येऊ द्या

माननीय केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातला एक निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात हयात गेली. मागणं एकच आहे, शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामाचं प्रदर्शन मुंबईत भरवावं; पण ते कुठून आलं हे सांगितल्याशिवाय पटायचं नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

२०१५च्या फेब्रुवारीत भाच्याकडे दिल्लीला गेलो होतो. जयपूर हाऊसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मृणालिनी मुखर्जींच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन लागलं होतं. ते सुरू झाल्यावर आठवड्याभरातच, २ फेब्रुवारीला, बाई वारल्या होत्या. वय ६५. मला हे आत गेल्यावर कळलं. त्याआधी त्यांचं नावही मी ऐकलं नव्हतं, आणि मी चित्रकला शिकवत होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

आत पाऊल टाकलं आणि समोर माणसापेक्षा उंच असं काहीतरी उभं. जांभळं, पिवळं, कुठे वाळल्या पानाच्या रंगाचं. देवी म्हणावी तर फुलाच्या पाकळ्या, फूल म्हणावं तर मांड्या आणि ओठ. जवळ गेलो तर सगळा दोर! नुसता दोर, गाठीवर गाठ. माझ्या तोंडून निघालं, "अरे, हा तर वाख." भाचा दिल्लीत वाढलेला, त्याला वाख म्हणजे काय ते सांगावं लागलं.

तुम्हालाही सांगतो. आमच्याकडे अंबाडी नाहीतर ताग कापून पेंढ्या पाण्यात कुजत घालायचे. साल सुटली की धुऊन वाळवायची, तो वाख. त्याला पीळ देऊन दावी, कासरे, म्होरक्या, मोटेची चऱ्हाटं वळायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कारागिरांनी केलं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा तो त्यांच्या हातचा. पुढे नायलॉन आलं. आज माझ्या गावात दोर वळणारं एकही घर नाही.

तर हा असला जनावरं बांधायचा दोर घेऊन एका बाईंनी पंचवीसेक वर्षं शिल्पं केली. माग नाही, विणकाम नाही. आत लोखंडी सांगाडा, आणि दोर स्वतः रंगवून हातांनी मारलेल्या गाठी. आधी रेखाटन करून ठेवायचं नाही. गाठ जिकडे नेईल तिकडे आकार वाढायचा. एकेका शिल्पाला महिनोन्‌महिने जात.

जन्म १९४९चा, मुंबईतलाच. वडील विनोदबिहारी मुखर्जी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार. त्यांची दृष्टी गेली तरी काम थांबलं नाही. आई लीला मुखर्जी स्वतः शिल्पकार. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मृणालिनीबाई आधी चित्रकला शिकल्या, मग के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्रण. लोककारागिरी आणि कला यांच्यामधली भिंत न मानणारा हा गुरू. १९७२ साली बाईंनी दोराची एक खार केली. ती भिंतीवरची. हळूहळू दोर भिंत सोडतो, छताला लोंबकळतो, आणि ऐंशीच्या दशकात स्वतःच्या पायांवर उभा राहतो. 'देवी' १९८२ची, 'यक्षी' १९८४ची, 'वनश्री' १९९४ची, 'अरण्यानी' १९९६ची. अरण्यानी म्हणजे ऋग्वेदातली अरण्याची देवता, दहाव्या मंडलात तिचं एक सूक्त आहे. नावं पोथीतली असली तरी मूर्ती कुठल्याच देवळातली नाही. मी गाभाऱ्यात उभं राहावं तसा उभा होतो, हात पाठीमागे बांधून, कारण शिवण्याची मनाई होती आणि बोटं ऐकत नव्हती.

१९९६मध्ये नेदरलँड्सच्या एका सिरॅमिक केंद्रात त्यांनी मातीकाम केलं, आणि २००३च्या सुमारास ब्राँझ हाती घेतलं. ते ब्राँझही पाहण्यासारखं आहे. मेणात हातानं घडवायचं, मग मेण वितळवून जागी धातू ओतायचा. शेवटच्या वर्षांतली ताडाच्या झावळ्यांसारखी शिल्पं तर जमिनीतून नुकती उपटून आणल्यासारखी वाटतात. पण माझं मन दोरापाशीच अडकलं, ते मी कबूल करतो.

त्याचं कारण आमच्या वेळापत्रकात आहे. शाळेत चित्रकलेचा तास वेगळा आणि कार्यानुभवाचा वेगळा. कागदावर फुलदाणी काढली की ती कला; सुतळीची पिशवी विणली की ते कार्यानुभव. ऐंशीच्या दशकात घरोघरी मॅक्रमेची झुंबरं आणि कुंड्यांची शिंकी लोंबत होती, मीही मुलींकडून करून घेतली. त्याच वर्षांत, त्याच गाठींतून, कुणी यक्षी उभी करत होतं! दोर वळणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात होती. त्यांना मी फुलदाणीची सावली गिरवायला लावली. तुझ्या आजोबांच्या हातात जे आहे त्यातून शिल्प होतं, हे मी एकालाही सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आज 'यक्षी' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे २०००चं 'जौबा' आहे. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, २०२२मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत त्यांची शिल्पं होती. याचा मला आनंदच आहे. 'आमचं तिकडे का' असलं रडगाणं मी गात नाही. त्यांना राष्ट्रीय कलानिधी ठरवा असंही म्हणत नाही. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यान्वये तो मान मिळालेले नऊ कलावंत आहेत. त्यांत बाई एकच, अमृता शेरगिल, आणि शिल्पकार म्हणून नाव झालेलं कुणीच नाही. हे खटकतं खरं. पण तो शिक्का बसला की कलाकृती देशाबाहेर नेता येत नाही, आणि दोराला पुन्हा खुंटीला बांधण्यात मला रस नाही.

मागणं असं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, मृणालिनीबाईंच्या कामाचं १९७२च्या खारीपासून शेवटच्या ब्राँझपर्यंतचं प्रदर्शन आपल्या मंत्रालयानं भरवावं. ती इमारत यासाठीच बांधल्यासारखी आहे: गोल जिने चढत जायचं आणि वर घुमट. त्या जुन्या हॉलचं कलादालन व्हावं म्हणून झटलेल्यांत पिलू पोचखानवाला होत्या, त्याही शिल्पकारच. त्या १९८६ साली गेल्या, दालन १९९६ला उघडलं. तिथे दुसऱ्या एका शिल्पकार बाईचं सगळं आयुष्य मांडलं जावं, यात औचित्य आहे.

दुसरी गोष्ट जतनाची. वाख ओल धरतो, बुरशी धरतो, उजेडानं रंग विटतो, आणि टांगलेला दोर स्वतःच्याच वजनानं ओघळतो. लखनौची सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आपल्याच अखत्यारीत आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी दोर वळणाऱ्या जुन्या कारागिरांना एकदा बोलावून घ्यावं. आहेत अजून काही, सत्तरीच्या पुढचे. कुठला पीळ कधी सुटतो हे त्यांच्या अंगठ्याला कळतं. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन द्यावं, नुसता नारळ-शाल नको.

आणि दालनाच्या एका कोपऱ्यात कच्चा वाख आणि दोराचे तुकडे ठेवावेत, मुलांना शिवायला. शिल्पांना हात लावायची मनाई योग्यच आहे, पण बोटांना काहीतरी द्यायला हवं.

प्रदर्शन पावसाळ्यात नको, दोराच्या दृष्टीनं आणि आमच्याही. दिवाळीनंतर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा काळ. मुंबईची सहल निघाली की राणीची बाग, तारांगण, गेटवे ठरलेलं असतं, आणि हा हॉल गेटवेपासून पायी दहा मिनिटांवर आहे. सहलीची आखणी शाळा गणपतीच्या आधीच करतात. तारीख तोवर कळवली, तर माझ्या जुन्या शाळेची एक एसटी मी स्वतः भरून आणीन.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक